खातूनबीची साक्ष

खातूनबी चांगली की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ज्यांना ते चटकन ठरवता येतं त्यांच्याशी माझं पटत नाही. नाशकात, जुन्या गावात, आमच्या शिंपीकामाच्या खोलीला लागूनच तिची खोली होती. ती पटवेकरीण. सराफ सोन्याचे मणी पाठवायचे आणि ही ते रेशमात गाठवून द्यायची. दारात एक पाय लांब करून बसायची, रेशमाचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि दोन्ही हातांनी गाठी मारत सुटायची. आजूबाजूच्या हिंदू बायका आपली मंगळसूत्रं तिच्याकडेच आणत. माझे वडील म्हणायचे, अर्ध्या नाशकाचं सौभाग्य ह्या बाईच्या अंगठ्याला टांगलेलं आहे. ते तिच्या कानावर गेलं तेव्हा तिनं वडिलांना भिंतीपलीकडूनच सुनावलं, "टांगलेलं नाय भाऊ, बांधलेलं हाय."

तिच्या तोंडाला सगळे वचकून असत. मळकी पोत घेऊन आलेल्या बाईला ती दारातूनच परत धाडायची, "आधी धुऊन आण, मग मिरव." पण कामात कधी तिनं लबाडी केली नाही आणि बोलण्यातही नाही. खोटं बोलायला माणसाला कोणाची तरी भीती वाटावी लागते, आणि तिला कोणाची वाटत नव्हती. एक मात्र होतं. ती काही विसरत नसे. कोणी कधी काय बोललं ते तिला त्याच्या हातवाऱ्यांसकट आठवायचं, आणि ते ती त्या माणसाला ऐकवायची नाही, नुसतं जपून ठेवायची. मला तर वाटतं, राग जपणं हा तिचा दुसरा धंदा होता आणि त्यातही तिची गाठ पक्की होती.

अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत तिचा नवरा गेला, मग भाऊ मीरअली कलईवाला गेला, आणि चार दिवसांत भावजय नूरबीही गेली. मागं राहिलं नूरबीचं तान्हं पोर. तेव्हा खातूनबी स्वतःच विशीतली. तिनं ते पोर उचललं, दुसरं लग्न केलं नाही, आणि मणी गाठवून त्याला वाढवलं. तोच इनायत, माझा जन्माचा मित्र. साथीत मेलेल्यांच्या गोष्टी आमच्या गल्लीत सगळेच सांगायचे. खातूनबी सांगायची नाही. आईवेगळं पोर जगलं कसं असं कोणी विचारलं की म्हणायची, "जगायचं होतं, जगला." आणि पुढचा मणी ओवायची.

इनायत आणि मी बरोबरच व्हर्नाक्युलर फायनल झालो आणि मास्तरकीच्या ट्रेनिंगला बसलो, तो उर्दूकडे, मी मराठीकडे. साल सदतीस. त्या वर्षी आमच्या हेडमास्तरांनी आणि कुलाबा जिल्ह्यातल्या एका ट्रेनिंग शाळेच्या हेडमास्तरांनी मिळून एक टूम काढली. सहामाहीपुरती पोरांची अदलाबदल करायची, म्हणजे समुद्रावरच्या पोरांना डोंगरातल्या शाळा दिसतील आणि आम्हाला समुद्रावरच्या. तिकडची काही पोरं पेठ-हरसूलला धडे द्यायला जाऊन पाय सुजवून बसली आणि आम्ही तिकडे जाऊन पोटं बिघडवून बसलो. शिक्षणाचा म्हणाल तर एवढाच फायदा झाला.

तिथं इनायतला रियाज भेटला. त्याच्याच वयाचा, त्याच्याच वर्गातला कोकणी मुसलमान, हसरा आणि हट्टी. त्याचं गाव खाडीपलीकडे अगदी समुद्रावर. शनिवारी शाळा सुटली की तो आम्हा दोघांना होडीत घालायचा आणि घरी न्यायचा. रविवारी संध्याकाळी परत. असे किती शनिवार गेले असतील ते मोजले नाहीत, पण त्या घराची पडवी मला आमच्या गल्लीइतकी पाठ झाली.

रियाजचे वडील सलाउद्दीनचाचा. तरुणपणी नाशकात सुकटीचं दुकान करून राहिलेले, साथीनंतर ते मोडून गावी परतलेले. आम्ही नाशिकचे म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! घाटावर अजून अमुक पायरी तुटकीच आहे का, तमक्या भडभुंज्याची भट्टी चालते का, असं ते विचारत बसायचे. रियाजची आई गुलजारबी मात्र नाशिकचं नाव निघालं की उठून आत जायची. मला वाटायचं, साथीच्या दिवसांची तिला धास्ती बसली असेल. अशी माणसं मी पाहिली होती, म्हणून मी तिला कधी काही विचारलं नाही.

आणि मासूमा, रियाजची धाकटी बहीण. ती आमच्यासमोर येत नसे. दाराच्या पडद्याआडून तिचा नुसता आवाज यायचा. इनायतला मासळीतला काटा काढता येत नव्हता. पहिल्याच जेवणात त्याच्या घशात काटा अडकला, डोळ्यांतून पाणी, भाताचे गोळे गिळतोय, आणि पडद्याआडून आवाज, "नाशकात मासळी काढून देणारा वेगळा नोकर असतो का, भाईजान?" मी मनापासून हसलो. पुढच्या शनिवारी इनायतच्या ताटात काटे काढलेली मासळी आली. फक्त त्याच्याच. मला काट्यांसकट. मी तक्रार केली तेव्हा आवाज म्हणाला, "तुम्हाला बोलायला लय आवडतं, जरा गप्प बसाल." त्यानंतर प्रत्येक वेळी त्याचं ताट तसंच येत राहिलं, आणि इनायत त्या ताटाकडे असा बघायचा की मला मान वळवावी लागायची. ह्याला प्रेम म्हणायचं नसेल तर मग मला प्रेम कळत नाही.

रियाजनंच पुढाकार घेतला. सलाउद्दीनचाचांना नाशिकचा जावई म्हणजे साखरेहून गोड. इनायत दिवाळीच्या सुट्टीत नाशकाला येऊन फूफीला, म्हणजे आत्याला, विचारून आला. खातूनबी म्हणाली, "रियाजची बहीण ना? तुझ्या दोस्ताचं घर तू पाहिलंस, मी काय पाहू? पसंत हाय तर कर." तिनं त्या लोकांचं नाव-गाव विचारलं नाही. एवढी एक चौकशी तिनं तेव्हा केली असती तर, असं मी मागाहून हजारदा म्हटलं. पण ते आपलं मागाहूनचं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी बोलणं पक्कं करायचं होतं. पडवीत चटई घातली होती. सलाउद्दीनचाचा, रियाज, गावच्या मशिदीतले म्हातारे खतीबसाहेब, इनायत आणि मी. मध्ये खजुराचं ताट. त्यांच्याकडे रीत अशी की पुरुषांचं बोलणं झालं की मुलीची आई दारातून मुलाच्या आईचं नाव विचारते. वडिलांचं नाव दुनियेला माहीत असतं, आईचं घरच्यांनाच विचारावं लागतं. तेव्हा गुलजारबीनं दारातून विचारलं, "पोराच्या आईचं नाव काय?"

इनायत खाली बघत म्हणाला, "नूरबी. मीरअली कलईवाल्यांची बायको. मानमोडीत गेली."

 मग ती बाई बाहेर आली. डोईवरचा पदर घसरलेला, खतीबसाहेब समोर बसलेत त्याचंही भान नाही. ती इनायतसमोर बसली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून बघत राहिली. "जगलास?" ती म्हणाली. "नूरबीचं लेकरू जगलं?" आणि मग एकदम रडत, हसत, सगळ्यांकडे बघून म्हणाली, "अरे, ह्याला मी पाजलंय! पंधरा दिवस माझ्या अंगावर होता. एका बाजूला रियाज, एका बाजूला हा!"

मला भरून आलं. मी माझ्या अकलेप्रमाणे म्हणालो, "वा चाची, मग तर घरचंच झालं सगळं!"

कोणी हसलं नाही. खतीबसाहेबांनी हातातला खजूर परत ताटात ठेवला. रियाज भिंतीकडे बघत होता. पडद्याआड बांगड्या वाजत होत्या त्या थांबल्या. आणि गुलजारबीचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं.

मला ते रियाजनं अंगणात नेऊन समजावलं. त्यांच्यात दूध पाजलं की नातं लागतं. जिनं पाजलं ती आई, तिची सगळी पोरं भाऊ-बहिणी, अगदी सख्खी. मासूमा आता इनायतची बहीण झाली होती, आणि बहिणीशी निकाह होत नाही. "पण हे काय आज ठरलं?" मी ओरडलो. "काल तर ती बहीण नव्हती!" रियाज म्हणाला, "काल आम्हाला माहीत नव्हतं, रंगनाथ. होती ती कालही."

आत खतीबसाहेब सांगत होते, तेही खिन्नपणे. आपल्या कोकणी लोकांच्या मजहबात, म्हणजे पंथात, पाच वेळा पोटभर प्यायलं असेल तरच नातं धरतात, ह्या घाटावरच्या पोराच्या पंथात एक घोटही पुरे. बाई पंधरा दिवस म्हणते. आता कोणीकडून वाट काढू? सलाउद्दीनचाचांनी बायकोला विचारलं, मला तू हे कधी सांगितलं नाहीस? साथीच्या त्या महिन्यात चाचा नाशकातून माल आणायला समुद्रावर आले होते आणि इकडेच अडकून पडले होते. गुलजारबी उठून आत गेली. इनायत बसल्या जागेवरून हलला नव्हता. त्या रात्री त्याचं ताट बाहेर आलं ते काट्यांसकट.

सकाळी खतीबसाहेब निघायच्या तयारीत असताना गुलजारबी पडवीत आली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"मी काल खोटं बोलले," ती म्हणाली. "मी ह्याला पाजलं नाय. एकदाबी नाय."

सलाउद्दीनचाचा म्हणाले, "गुलजार, आत जा."

"नाय जात. ह्याची फूफी ह्याला घेऊन आली होती. दार वाजवत होती. माझा रियाज तापानं फणफणला होता. ह्याच्या घरातली माणसं मेली होती, मला वाटलं मरण दारात आलंय. मी कडी काढली नाय. ती रडली, मी काढली नाय. उन्नीस वर्षं मी मनात ते दार उघडतेय आणि ह्याला आत घेऊन पाजतेय. काल हा जिता समोर दिसला आणि माझं तोंड बोलून गेलं."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. सलाउद्दीनचाचा चिडून म्हणाले, "काल पंधरा दिवस आणि आज एकदाही नाही? पोरीसाठी इतकं खोटं?" खतीबसाहेब मायेनं म्हणाले, "आईचं काळीज आहे, बोलणारच. पण बेटी, अल्लाला काय सांगशील?" त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. कालचं ऐकायला गोड होतं म्हणून ते खरं, आजचं तिच्या तोंडाला काळं फासणारं म्हणून खोटं. मला अजून त्या पडवीचा राग येतो.

फक्त पडद्याआडून मासूमा बोलली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "खोटं बोलणारी बाई स्वतःला चांगली करून सांगते, खतीबसाहेब. अम्मा स्वतःला काय करून सांगतेय ते तर ऐका."

खतीबसाहेब पुन्हा चटईवर बसले. मग म्हणाले, "पोराला घेऊन आलेली बाई हयात आहे ना? तिला विचारा. ती सांगेल ते खरं." सगळ्यांना ते पटलं. इनायतच्या तोंडावर आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच रंग आला. फूफी खोटं बोलत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

त्याच दिवशी आम्ही चौघे निघालो, चाचा, रियाज, इनायत आणि मी. खाडी, आगबोट, मग रेल्वे. सकाळी नाशिकरोडला उतरून टांग्यानं गावात. वाटेत इनायत एकदाच बोलला. "गुलजारचाचीला मी दोष देत नाही," तो म्हणाला. "तिचं पोर आजारी होतं. ते दार बंद राहिलं होतं, एवढं फूफीनं सांगितलं की झालं." ज्या दारापायी त्याचा जीव गेला असता, ते बंद होतं म्हणून हा पोरगा आनंदात होता. असं काही मी पुन्हा पाहिलं नाही.

खातूनबी दारात बसली होती. अंगठ्याला रेशीम, मांडीवर कोणाची तरी पोत. तिनं मान वर केली आणि सलाउद्दीनचाचांना बघून तिचे हात थांबले.

"सुकटवाले ना तुम्ही?" ती म्हणाली. "कोकणीपुऱ्यातले."

तेव्हाच तिला कळलं की रियाज कोणाचा आणि रियाजची बहीण कोणाची. चाचा ओट्यावर टेकले आणि त्यांनी सगळं सांगितलं. बायको आधी काय म्हणाली, मग काय म्हणाली. शेवटी हात जोडून म्हणाले, "आपा, तुम्ही पोराला घेऊन आमच्या दारी आला होता. माझ्या बायकोनं त्याला पाजलं की नाही, तेवढं अल्लाला हाजिर जाणून सांगा."

खातूनबीनं हातातली गाठ पुरी केली, रेशीम दातानं तोडलं, पोत बाजूला ठेवली. इनायत तिच्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. मग ती शांतपणे म्हणाली, "पाजलं. पंधरा दिवस पाजलं. लय उपकार हायेत तिचे. माझा सलाम सांगा तिला."

इनायत खाली बसला. चाचांनी तोंडावर उपरणं धरलं आणि ते रडायला लागले. मला वाटलं, पोरीसाठी रडतायत. ते मला नंतर टांग्यात बसताना म्हणाले, "सबंध गाडीत मी दुआ मागत होतो, रंगनाथ, की माझी बायको तशी नसावी. अल्लानं ऐकलं." माणूस भला होता. पण त्या क्षणी मला त्याला टांग्यातून ओढून काढावंसं वाटलं.

मीही खातूनबीवर विश्वास ठेवला. सगळ्या गल्लीनं ठेवला असता.

पुढं सगळं रीतीप्रमाणे झालं, आणि रीतीइतकं निर्दयी दुसरं काही नसतं. मासूमाला एका बिजवराला दिली, पलीकडच्या बंदरातला खलाशी, पहिली बायको वारलेला. इनायत भाऊ म्हणून लग्नात उभा राहिला. भाऊ झाल्यामुळे मासूमा आता त्याच्यासमोर येऊ शकत होती. त्यानं तिला धड पाहिलं ते त्या दिवशी, नवरीच्या कपड्यांत, आणि हाताला धरून सासरच्या होडीत बसवलं. मी किनाऱ्यावर होतो. होडी सुटताना ती त्याला म्हणाली, "अम्मा खरं बोलली होती." त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

गुलजारबीचं गावात नाव झालं. साथीत परक्याचं पोर अंगावर पाजलेली बाई! बायका आपली लेकरं तिच्या पायावर घालायच्या. ती पाय ओढून घ्यायची. पुढं पुढं तिनं बाहेर निघणंच सोडलं. मशिदीत तिच्यासाठी दुआ मागितली जायची आणि ती घरात कानांवर हात ठेवून बसायची, असं रियाज सांगे. तिला दोनदा शिक्षा झाली, एकदा न केलेल्या चांगल्या कामाची आणि एकदा कबूल केलेल्या वाईटाची. तिचा गुन्हा मी माफ करत नाही. पण एवढी फेड मी कोणाच्या वाट्याला आलेली पाहिली नाही.

इनायत मात्र तिला अम्मा म्हणायला लागला. परीक्षा झाली, आम्ही नाशकात मास्तर झालो, तरी सुट्टी लागली की तो समुद्रावर. परत आला की खोलीत अम्मा असं म्हणाली, अम्मानं हे दिलं. खातूनबी गाठी मारत ऐकायची. तिला तो फूफीच म्हणत असे, आणि ते तिनंच लावलेलं होतं, मेलेल्या भावजयीची जागा घ्यायची नाही म्हणून. आता ती भिंतीला टेकून बसायची आणि सराफांचे मणी दोन-दोन दिवस तसेच पडून राहायचे.

एकोणचाळीसच्या पावसाळ्याच्या शेवटी मासूमा पहिल्या बाळंतपणात गेली. मूलही गेलं. ती अडल्याचा निरोप आला तसाच इनायत निघाला होता, तो आठवड्यानं परत आला. ओट्यावर मी होतो, खातूनबी दारात होती. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. तो उभ्यानंच म्हणाला, "फूफी, मी तिकडेच बदली मागतोय. रियाज मुंबईला कामावर परत गेलाय, चाचा थकलेत. अम्मा जेवत नाही, बोलत नाही. तिला आता मीच आहे."

आणि तेव्हा खातूनबी बोलली. अंगठ्याला रेशीम तसंच होतं.

"ती तुझी अम्मा नाय. तिनं दार उघडलं नव्हतं."

आणि ती थांबली नाही.

"तुझी आई आदल्या दिवशी गेली. तू रडायचाबी थांबला होतास. सुकटवाल्याच्या बायकोला अंगावर पोर हाय कळलं म्हणून मी गेले. मी म्हटलं, मी आत येत नाय बाई, फडक्यात पिळून दे, फटीतून दे. तिनं कडी काढली नाय. दुपारपर्यंत मी त्या ओट्यावर बसले. मग वडाळ्याच्या रस्त्याला एका धनगराची शेळी मिळाली. शेळीच्या दुधावर जगलास तू."

"मग त्या दिवशी..." मी म्हणालो. 

"त्या दिवशी तिचा नवरा येऊन सांगतो की ती पंधरा दिवस पाजलं म्हणते! मी म्हटलं, बरं. घे. तुला आईपण पाहिजे ना, घे, आणि पोरगी घरात ठेव. कळू दे तिला, दार लागलं की बाहेर कसं वाटतं." ती इनायतकडे वळली. "तू समोर होतास, तुझं काय होईल ते मी पाहिलं नाय रे. मी नुसती तिच्याकडंच बघत होते."

मला त्यातला शब्द न् शब्द खरा वाटला. मला गुलजारबी आठवली, खांबाला धरून उभी. खातूनबीला काहीतरी भयंकर बोलावं असं वाटलं, पण ती त्या क्षणी फार म्हातारी दिसत होती.

इनायत ओट्यावर बसला. आवाज न चढवता म्हणाला, "फूफी, मी तिला कबरीत उतरवलं. बाईच्या मय्यतीला परका हात लावू शकत नाही. तिचा नवरा बोटीवर, म्हणून खाली तिघेच उतरलो, चाचा, रियाज आणि मी. भाऊ म्हणून. मी तिचं डोकं धरलं होतं." तो थांबला. "आता तू म्हणतेस, मी तिचा कोणी नव्हतो?"

"इनायत, मी खरं सांगते..."

"नाही," तो म्हणाला. "तुला अम्माचा राग येतो म्हणून तू असं बोलतेस. तू असं म्हणालीस हे मी अम्माला सांगणार नाही, तिच्या जिवाला लागेल."

त्यानं आतून आपली वळकटी आणली, वाकून फूफीला सलाम केला आणि तो गल्लीतून गेला. मागं वळून पाहिलं नाही.

खातूनबीनं माझा हात धरला. एवढ्या वर्षांत तिनं मला कधी हात लावला नव्हता. "तुला तर पटलं ना, रंगनाथ?"

"पटलं," मी म्हणालो.

"मग पळ. टांगा सुटायच्या आत गाठ त्याला. तुझं ऐकेल तो. सांग, फूफी खरं बोलली."

त्यानं माझं ऐकलं असतं, हे मलाही ठाऊक होतं. मी उठलो नाही. त्याच्याजवळ आता तेवढी एक कबर होती आणि तीत भाऊ म्हणून उतरल्याचा हक्क होता, तो मी कोणत्या तोंडानं काढून घेणार होतो? खातूनबी माझा हात ओढत राहिली, आणि मी तिच्या दारात बसून राहिलो.